आधी वाटा ठरवा, मग वाढीचं बोला

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची, हे भाषण आता तोंडपाठ झालंय. लातूरकर म्हणून माझा एकच प्रश्न आहे: त्यात पाण्याचा वाटा कुणाला मिळणार?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आपल्याकडे पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्याआधीच टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं, कारण घागरीवरून हाणामाऱ्या होतील अशी भीती होती. शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं. पण तोवर कित्येक वर्षं ऊस वाढत होता, कारखाने वाढत होते, बोअर खोल जात होते. बोअरवरचा खर्च अर्थव्यवस्थेच्या हिशोबात जमेला धरतात, तो आटल्यावर येणाऱ्या टँकरचाही धरतात. जमिनीतून गेलेलं पाणी मात्र त्यातून कधीच वजा होत नाही. आणि आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारं बीडचं जोडपं? ते दरसाल पालातच राहतं.

म्हणून मला मोठ्या प्रकल्पांपेक्षा मावशीच्या एक एकराचं जास्त कौतुक वाटतं. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात काम उभं केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने बायकांना सांगितलं, घरच्या रानातला एक तुकडा मागून घ्या, तिथं काय पेरायचं ते तुम्ही ठरवा. २०१६ सालीच, ज्या वर्षी रेल्वे आली, या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मावशीच्या तुकड्यात खरिपाला तूर, मूग, उडीद असतो, रब्बीला ज्वारी, बांधावर शेवगा, कडेला चुका नि अंबाडी. उडदाचं बी ती राखेत घोळून डब्यात ठेवते, दुकानातून आणत नाही. "आधी घरी खायला, उरलं तर बाजारला," एवढाच तिचा हिशोब. पाऊस दगा देतो तेव्हाही तिच्या घरात डाळ असते. शेजारच्या उसावर मात्र कर्ज असतं.

युरोपात वाढीपलीकडच्या समाजावर आता परिषदा होतात. होऊ द्या, चांगलंच आहे. पण १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, तिचे नियम एकदा वाचा. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला: मागेल त्याला काम. मर्यादा आणि वाटा, दोन्ही आपल्याच राज्यात, आपल्याच माणसांनी करून दाखवलंय.

मग अडलंय कुठे? २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. आपल्याकडे बोअरची गाडी रात्रभर चालते आणि कुणी विचारत नाही. गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जावा, तो पाळणं बंधनकारक असावं, आणि त्यात पहिला हक्क पिण्याला, दुसरा डाळी-ज्वारीला असावा. तूर हमीभावाने वेळेवर घेतली गेली तर ऊस सोडायला शेतकरी तयार आहे, हे मी पैजेवर सांगतो.

अजून एक. मावशीचा तो एकर सातबाऱ्यावर तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या नावे आहे. उद्या तिथं बोअर पाडून ऊस लावायचं ठरलं तर तिला नाही म्हणता येणार नाही. बायकोचं नाव सातबाऱ्याला लावण्यासाठी लक्ष्मी मुक्तीचा शासन निर्णय १९९२ पासून आहे. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी या आठवड्यात तलाठ्याकडे अर्ज द्या.