आत्याने फॉरवर्ड केलेल्या त्या मेसेजबद्दल

काल रात्री साडेदहाला आत्याचा फोन. "तू शिकतेस ती खरी डिग्री नाही का गं?" मी इमर्जन्सी मेडिसिनची, म्हणजे कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटला आधी सांभाळण्याच्या विषयाची रेसिडेंट (शिकता शिकता काम करणारी डॉक्टर), दुसरं वर्ष. तिला कुठून तरी तो फिरणारा मेसेज आला होता, 'कॅज्युअल्टीचा स्पेशालिस्ट हे नवीन फॅड, जनहितार्थ पुढे पाठवा'. काकांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे ती खरोखर घाबरली होती. म्हणून लिहितेय.

पहिला मुद्दा, ही डिग्रीच खोटी. साफ चूक. मेडिकल कौन्सिलने 2009 मध्ये या विषयाला मान्यता दिली, एमबीबीएसनंतर 3 वर्षांचं एमडी आहे, नंतर डीएनबी ही दुसरी मान्य पदवीही सुरू झाली. हां, एक मान्य करते. काही खाजगी हॉस्पिटलं परदेशी विद्यापीठांबरोबर जे कोर्स चालवतात ते आपल्याकडची मान्य पदवी नाहीत, आणि बोर्डावर ते सरळ लिहिलेलं असायला हवं. पण एमडीच्या जागा नव्हत्या तेव्हा कितीतरी ठिकाणी कॅज्युअल्टी हे कोर्स केलेल्या डॉक्टरांनीच सांभाळली, हेही खरंय.

दुसरं, "यांना शिकवणारेच दुसऱ्या विषयाचे". अहो, विषय नवीन असेल तर पहिले शिक्षक आणायचे कुठून? आपल्याकडे मेडिसिन, सर्जरी, ॲनेस्थेशियाच्या सरांनी सुरुवातीच्या बॅचेस घडवल्या. अमेरिकेतही तेच झालं, पहिली रेसिडेन्सी 1970 ला सिनसिनाटीत आणि स्पेशालिटी म्हणून मान्यता 1979 ला. ॲनेस्थेशियाच्या मॅडमकडून श्वासनलिकेत ट्यूब टाकायला शिकले यात माझं काय कमी झालं?

आता तो मुद्दा ज्यामुळे मला रात्री झोप आली नाही. "हार्टचा किंवा फुप्फुसाचा मोठा डॉक्टर येईपर्यंत कॅज्युअल्टीत काहीही करू देऊ नका, सही करू नका." हे लिहिणाऱ्याने श्वास अडकलेला पेशंट कधी पाहिलाय का? मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू होतं, मोठा डॉक्टर गाडी काढून येईपर्यंत कोणाची वाट बघायची? अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाबाहेर हवा कोंडते, हृदयावर दाब येतो, बीपी पडत जातं. तेव्हा एक्स-रेचीसुद्धा वाट बघत नाहीत, छातीत सुई घालून हवा सोडतात, नाहीतर पेशंट डोळ्यांसमोर दगावतो. छातीत दुखणारा पेशंट आल्यापासून 10 मिनिटांत त्याचा ईसीजी व्हायला हवा आणि तो वाचणारा माणूस तिथेच उभा हवा, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक कधी कधी पोटात जळजळतंय म्हणून येतो आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देऊन दोन तास घालवून बसलेले असतात. आम्हाला 3 वर्षं हेच शिकवतात, कुठला आजार ते कळायच्या आधी माणूस जिवंत कसा ठेवायचा. मग हार्टवाले, मेंदूवाले येतातच की, त्यांना बोलावतोही आम्हीच.

"पूर्वी याशिवाय चालतच होतं" म्हणे. कसं चालत होतं? नीती आयोग आणि एम्सच्या लोकांनी देशभरातली 100 हॉस्पिटलं पाहून 2021 मध्ये रिपोर्ट दिला, त्यात 91 टक्के हॉस्पिटलांकडे स्वतःची ॲम्ब्युलन्स होती पण शिकलेले पॅरामेडिक फक्त 34 टक्क्यांकडे. म्हणजे गाडी आहे आणि आत पेशंटला सांभाळणारं कोणी नाही. एवढं असूनही 2023 च्या नियमांत नव्या मेडिकल कॉलेजांसाठी इमर्जन्सी मेडिसिनचा विभाग सक्तीच्या यादीतून काढला. चिडायचंच असेल तर यावर चिडा ना.

बाकी राहिला "हे सगळं बिलं वाढवायला" हा मेसेजमधला मुद्दा. बिलाचा हिशोब जरूर मागा, पण पेशंट स्थिर झाल्यावर.

आत्या, काकांचा जुना ईसीजी, अँजिओप्लास्टीचा कागद आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत घालून दाराजवळ अडकवून ठेव. छातीत दुखलं की 108 लाव, आणि कॅज्युअल्टीत जो डॉक्टर समोर येईल त्याच्या हातात ती पिशवी दे. त्याला काम करू दे.