कपाळावरच्या आठ्यांचं काम

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस एकच विषय चालला होता. माझी मावशी ७१ वर्षांची आहे, कोथरूडला राहते, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. मार्गशीर्षात तिच्या नातीचं लग्न आहे. त्याआधी कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घ्यावं असं तिच्या मनात आलं आणि तिने ते आडपडदा न ठेवता गटावर लिहिलं. मामेभाऊ म्हणाला, "आत्या, आता या वयात कशाला हे?" वहिनीने लिहिलं, "आई, खुशाल घ्या. आमच्या इथल्या क्लिनिकमध्ये लग्नाचं पॅकेजच आहे, आठ दिवस आधी घेतलं की झालं." मग शोभतं का आणि किती खर्च येतो, या दोन बाजूंनी बाकीचे सगळे वाटले गेले.

मावशीला गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. गेल्या चार-पाच वर्षांत तिच्या वरच्या पापण्या चांगल्याच उतरल्या आहेत. यातलं काहीही त्या दोन दिवसांत कुणी काढलं नाही. मलाही ते तिसऱ्या दिवशी सुचलं, आणि मी तर मेलबर्नमध्ये गेली सतरा वर्षं डोळे तपासण्याचंच काम करते.

म्हणून हे लिहिते आहे. साठी-सत्तरीनंतर कपाळात सुई घ्यावी की नाही, याची चर्चा आपल्याकडे शोभण्या-न शोभण्यावर येऊन थांबते. इकडे ती कायद्यावर आणि सहीच्या कागदावर थांबते. ज्या स्नायूला आपण झोपवणार, तो स्नायू या माणसाच्या चेहऱ्यावर दिवसभर कोणतं काम करतो आहे, हे दोन्हीकडे फार थोडे लोक विचारतात.

आधी ते काम समजून घेऊ. वरची पापणी उचलणारा स्नायू ज्या पातळ पडद्याने पापणीला धरलेला असतो, तो वयाबरोबर सैल होतो. पापणीवरची कातडीही ढिली पडून खाली येते. समोरचं दिसायला हवं म्हणून शरीर दुसरी सोय करतं. कपाळाचा स्नायू भुवया वर ओढून धरतो, भुवयांबरोबर पापणीची कातडी उचलली जाते आणि डोळा उघडा राहतो. माणसाला हे कळतही नाही. सकाळी उठल्यापासून रात्री डोळे मिटेपर्यंत ते कपाळ राबत असतं, आणि त्या राबण्याच्या खुणा म्हणजे कपाळावरच्या आडव्या आठ्या. तरुण माणसाच्या आठ्या बोलताना, रागावताना, उन्हात बघताना पडतात. सत्तरीच्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्यांनी कित्येकदा अख्खी पापणी तोलून धरलेली असते.

बोटॉक्स नेमकं काय करतं? मज्जातंतूकडून स्नायूला जो रासायनिक निरोप जातो, तो अडवतं. तीन ते पाच दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम होतो आणि तीन-चार महिने तो टिकतो. राबणारं कपाळ असं थांबवलं की भुवया खाली बसतात आणि पापणीची कातडी थेट पापणीच्या केसांवर येऊन टेकते. यावर उतारा नाही. औषध पापणीच्या आतल्या स्नायूपर्यंत झिरपून पापणी पडली, तर एका थेंबाने ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर तात्पुरती उचलता येते. भुवईच बसली असेल तर वाट बघण्याखेरीज इलाज नाही.

काही वर्षांपूर्वी पंचाहत्तरीच्या आसपासच्या एक बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की चष्म्याचा नवा नंबर चुकलाय. नंबर बरोबर होता. त्या दोनदा स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाच्या उघड्या दारावर आपटल्या होत्या, आणि सिग्नलचा दिवा बघायला त्यांना हनुवटी उचलावी लागत होती. दृष्टिक्षेत्राची तपासणी केली तर वरचा बराच भाग गायब. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी कपाळात इंजेक्शनं घेतली होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी टॅबलेटवरून बघितलं, प्रश्न विचारले, मी सही केली." टॅबलेटच्या पडद्यावर, भुवया चढवूनच बोलणाऱ्या बाईची पापणी किती उतरली आहे हे कुणाला दिसणार? त्यासाठी भुवईवर अंगठा ठेवून कपाळ सैल करायला सांगावं लागतं आणि पापणी कुठे येऊन थांबते ते बघावं लागतं. दहा सेकंदांचं काम आहे. ते झालं नाही म्हणून एका एकट्या राहणाऱ्या बाईचे तीन महिने भीतीत गेले. मला त्याचा आजही राग येतो.

राग यासाठीही, की हे औषध जगात आलं तेच डोळ्यांच्या दवाखान्यातून. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरून पाहिलं. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स अशाच उघडझापीच्या रुग्णांना इंजेक्शन देत होत्या, तेव्हा भुवयांमधल्या आठ्या मऊ होतात हे लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांचे पती, त्वचातज्ज्ञ ॲलिस्टर कॅरुदर्स यांनी ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. २००२ मध्ये अमेरिकेने भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी दिली ती ६५ वर्षांपर्यंतच्या माणसांना, कारण त्यावरच्या वयाचे लोक चाचण्यांत फार थोडे होते. जे होते त्यांच्यात गुणही कमी आढळला. माझ्या मावशीसारख्यांसाठी हातात असलेला पुरावा सुरुवातीपासूनच तोकडा आहे, हे पॅकेज विकणाऱ्याने सांगायला हवं.

गुण कमी येण्याचं कारण अवघड नाही. सुरकुती दोन बोटांनी ताणून बघा. ताणूनही रेघ तिथेच राहिली, तर ती स्नायूपेक्षा उन्हाने आणि वयाने झिजलेल्या कातडीची आहे, आणि स्नायू झोपवून ती पुसली जात नाही. शिवाय आपल्या वर्णाच्या कातडीवर वय बहुधा आधी डागांत, डोळ्यांखालच्या काळेपणात आणि खोलगटपणात दिसतं, सुरकुत्या मागून येतात. मावशीला आरशात जे खटकतं त्यातलं निम्मं या सुईच्या कक्षेतच नाही.

डोळ्यांच्या कडेच्या रेघांचंही तसंच. तिथला गोल स्नायू पापणी मिटवतो, डोळ्यावर पाणी पसरवतो, खालची पापणी बुबुळाला लावून धरतो. खालची पापणी हलकेच खाली ओढून सोडा. ती लगेच जागेवर गेली नाही, उघडझाप केल्यावरच बसली, तर तो आधार आधीच कमजोर आहे. त्यात सुई टोचली तर पापणी बाहेरच्या बाजूला लोंबते, डोळा कोरडाही पडतो आणि त्यातून पाणीही गळतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कोरडेपणाचे थेंब घालणाऱ्या माणसाला हे फार जाचक होतं.

ऑस्ट्रेलियात नियम कडक आहेत, आणि मला त्यांचं मोल वाटतं. बोटॉक्स इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. लोकांसाठी त्याची जाहिरात करता येत नाही. २०२४ पासून तर नाव टाळून नुसतं 'सुरकुत्यांचं इंजेक्शन' असंही जाहिरातीत म्हणता येत नाही. टोचणारी नर्स असली तरी दरवेळी डॉक्टरने समोर किंवा व्हिडिओवर रुग्णाला बघायला हवं. सप्टेंबर २०२५ पासून नियम आणखी आवळले. अठराच्या आतल्यांना सात दिवस थांबवून विचार करायला लावतात. या नियमांची नजर तरुणांवर जास्त आहे, आणि ते योग्यच आहे. पण 'व्हिडिओवर चालेल' ही सवलत सत्तरीच्या चेहऱ्याला धोक्याची आहे, असं माझं मत आहे. तिथे हात लावूनच तपासायला हवं.

घरची गोष्ट वेगळी. पुण्यात रस्त्यारस्त्यावर फलक आहेत. त्वचातज्ज्ञ टोचतात, प्लास्टिक सर्जन टोचतात, दंतवैद्य टोचतात, आणि काही ठिकाणी पार्लरमधली मुलगीही टोचते. यावर आपल्या वर्तमानपत्रांत लिहून येतं, ते चांगलंच आहे. पण घराघरांत होणारी चर्चा तिथवर पोचत नाही. ती 'या वयात'वर अडते.

त्या शब्दांचा इतिहास मी मावशीच्याच घरात पाहिला आहे. काका गेले तेव्हा ती ५८ वर्षांची होती. कपाळावर लहानशी टिकली लावून ती शाळेत गेली, तेव्हा नात्यातल्याच एकीने विचारलं होतं, "आता शोभतं का?" २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारचं परिपत्रक निघालं, त्या दिवशी मावशीने मला मुद्दाम फोन केला होता. बाईच्या कपाळावर काय असावं आणि काय नसावं, हे ठरवायला आपल्याकडे सगळं गाव पुढे येतं. म्हणून तिला "कशाला हे" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभी राहणार नाही. तिला नातीच्या लग्नात छान दिसायचं आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

पण तिच्या बाजूने उभं राहणं म्हणजे "खुशाल घ्या" म्हणणंही नव्हे. तिच्या गोळ्यांचंच बघा. बारीक सुईने रक्त थोडं साकळेल, काळंनिळं होईल, ते आठवड्या-दोन आठवड्यांत जाईल. पण क्लिनिकमधल्या कुणी सहज सांगितलं की "चार दिवस गोळ्या बंद ठेवा" आणि तिने ते ऐकलं, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. चेहऱ्यावरच्या डागापायी हृदयाची गोळी थांबवायची नसते. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर कधीच नाही. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्याने ही सुई घेऊच नये, आणि उतरलेली पापणी हे त्या आजाराचं पहिलं लक्षणही असू शकतं.

आणि औषधाची बाटली. २०२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणांना बनावट किंवा चुकीच्या हातून घेतलेल्या इंजेक्शनांनंतर त्रास झाला, त्यातल्या निम्म्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दीड महिन्यात ३८ जणांना अशा इंजेक्शनांतून विषबाधा झाली. हे धनाढ्य देशांत घडलं. आवाज जड होणं, एकाचे दोन दिसणं, घास गिळता न येणं, श्वासाला त्रास होणं, यातलं काही दिसलं तर तडक इस्पितळ गाठायचं. म्हाताऱ्या माणसाचं गिळणं आधीच मंद झालेलं असतं, म्हणून त्याने तर जराही थांबायचं नाही. सीलबंद बाटली समोर उघडा, तिच्यावरचं नाव आणि तारीख मला वाचू द्या, असं म्हणण्यात संकोच कसला?

तिसऱ्या दिवशी मी मावशीला व्हिडिओ लावला. म्हटलं, "मावशी, खिडकीकडे तोंड कर. भुवईवर अंगठा ठेव, कपाळ सैल सोड." तिने सोडलं. उजवी पापणी बुबुळाच्या मध्यावर आली. ती गप्प झाली, मग म्हणाली, "अगं, मला तर दिवाच दिसेना वरचा."

आम्ही तासभर बोललो. कपाळाच्या आडव्या आठ्यांना हात लावायचा नाही, हे तिनेच ठरवलं. आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं. जादा कातडी काढण्याचं पापणीचं ऑपरेशन लागत असेल, तर ते लग्नानंतर, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी थोडं औषध घेता येईल का, हे त्वचातज्ज्ञांना समोर बसून विचारायचं, आणि घ्यायचंच तर लग्नाच्या निदान महिनाभर आधी.

गुरुवारी तिची पहिली अपॉइंटमेंट आहे. काल तिने फळ्यावर लिहावं तशा सुवाच्य अक्षरांत सगळ्या गोळ्यांची यादी लिहून फोटो पाठवला. स्टेंटच्या दोन, रक्तदाबाची एक, थायरॉइडची एक. सगळ्यात खाली, कंबरदुखीसाठी शेजारच्या काकूंनी दिलेली, स्नायू सैल करणारी एक गोळी. ती आठ महिने घेते आहे, आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.