मुलं आपली आपण शिकतात, तेव्हा बाई कुठे असतात?

आमच्या तालुक्याच्या नाक्यावर सध्या एक मोठा बॅनर लागलाय. एका बाजूला पतसंस्थेची ठेव योजना, दुसऱ्या बाजूला दशावताराचा प्रयोग, आणि मधोमध हसऱ्या मुलांचा फोटो: ‘आमच्याकडे शिक्षक शिकवत नाहीत, मुलं शिकतात!’ खाली फोन नंबर. फी लिहिलेली नाही. ती फोन केल्यावर कळते, आणि कळल्यावर माणूस थोडा वेळ काही बोलत नाही.

बॅनर वाचून शेजारचे काका म्हणाले, "शिकवनत नाय, तर पैशे कित्याक घेतत?"

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून गेला महिनाभर लोक मलाच विचारतायत, मुलाला तिकडे घालू काय? प्रत्येकाला गडग्यावर उभं राहून सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझी बाजू सांगतो. मुलाला स्वतःच्या प्रश्नामागे जाऊ द्यावं, या मताचा मी आहे. खाडीकाठच्या पोराला खेकड्याचं बीळ आणि कालवाचा खडक पुस्तकाआधी कळलेला असतो. शाळेत येऊन त्याला चाळीस मिनिटांच्या घंटेवर हाताची घडी घालून बसवलं, की त्याची निम्मी अक्कल दप्तरातच राहते.

आमच्या वाडीतल्या सहावीतल्या एका मुलाचं उदाहरण देतो. त्याचा आजा होडीवाला. भरतीची वेळ सांगायला त्याला घड्याळ लागत नाही, मोबाईल तर त्याहून नाही. "तिथीची पाऊणपट कर, भरतीचो टायम गावतलो. चवथीक तीन, अष्टमीक सहा." कोकणातल्या जुन्या माणसांचा हा ठरलेला हिशेब. मुलानं तो वहीत उतरवला, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत सगळा तक्ता केला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तक्ता पुरा झाल्यावर तो अडला. पंधरा पाऊण म्हणजे सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रतिपदा, म्हणजे नुसती पाऊण, पाऊण वाजता. रोज पाऊण तासानं सरकणारी भरती त्या एकाच दिवशी दीड तास उडी कशी मारते?

आजा म्हणाला, "तसाच आसता ता." मोबाईलवर शोधलं तर भरतीच्या वेळांची भलीमोठी कोष्टकं आली. वेळा होत्या, उडीचं कारण नव्हतं. पोरगा दोन दिवस वही घेऊन हिंडला आणि मग कंटाळून वही दप्तरात टाकली.

पुढे बाईंनी ती वही पाहिली. उत्तर त्यांनी दिलं नाही. एवढंच विचारलं, "पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत भरती घड्याळात किती सरकते?" त्याला माहीत होतं की दोन्ही दिवशी भरती साधारण एकाच सुमाराला येते. म्हणजे मधल्या काळात बारा तासांचा फेरा पुरा होतो. "मग बारा तासांचे पंधरा भाग कर." ४८ मिनिटं आली. पाऊण तास म्हणजे ४५. रोजची तीन मिनिटं हिशेबातून गळत होती, पंधरा तिथींची ४५ मिनिटं साठत होती, आणि ती सगळी त्या एका दिवशी अंगावर येत होती. पोरगा घरी जाऊन आजाला म्हणाला, "तुमी रोजची तीन मिनटा खाल्लास!"

आजाची बाजू घ्यायची तर, त्या पिढीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ होती. होडीवर बसून बारा तासांना पंधरानं कोण भागत बसतो? पाठांतराला आज सगळे नावं ठेवतात, पण वल्ह्यावर हात असताना कामाला आली ती पाऊणकीच.

या सगळ्या प्रकारात प्रश्न मुलाचा होता, मेहनतही त्याचीच. बाईंनी दोन वाक्यं खर्चली. पण ती दोन वाक्यं कुठली हे ठरवायला, मुलाचं नेमकं कुठे अडलंय हे वही बघून ओळखायला लागतं. आणि त्यासाठी बाई वर्गात असाव्या लागतात.

घोडं इथेच पेंड खातं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. आपल्याकडच्या वाड्यावाड्यांतल्या किती शाळांचा पट विसाच्या आत आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता. त्यातला एक केंद्रावर प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला. उरलेला पोषण आहाराची नोंद करतोय, ऑनलाइन माहिती भरतोय, रेंज गेली की पुन्हा भरतोय. अशा वेळी तिसरी-चौथीची मुलं काय करतात? स्वयंअध्ययन! आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ते कैक वर्षं चालू आहे, फक्त त्याचा बॅनर कुणी लावला नाही.

अशा एका दुपारी मी शाळेत बसलो होतो. तिसरीतली एक मुलगी वजाबाक्या करत होती. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला. ५२ वजा ३८, उत्तर २६. पुढचं ७१ वजा ४६, उत्तर ३५. दर वेळी मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा, मग वरचा असो की खालचा. हातच्याची भानगडच नाही. शेजारणीशी उत्तरं ताडून पाहिली तर तिचीही तीच, म्हणून दोघींनी एकमेकींच्या वह्यांवर बरोबरच्या खुणा केल्या आणि खूश होऊन चित्र काढायला लागल्या. शिस्तीत, शांतपणे, दुपारभर त्या चूक शिकत होत्या. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर ‘आदर्श वर्ग’ म्हणून फोटो काढला असता.

मोकळं सोडण्याचा हा तोटा लवकर दिसत नाही. ज्याला येतं तो पुढे पळतो, ज्याच्या घरी आई-बाबा वही बघतात तो त्याच्याही पुढे. गटात एक धीट पोरगा सगळं करतो, बाकीचे माना डोलावतात. आणि ज्या मुलीला घरी जाऊन भांडी, धाकटा भाऊ, पाणी हे सगळं करायचंय, तिनं ‘आपल्या गतीनं’ शिकायचं म्हणजे मागेच राहायचं. अपूर्णांक आपल्या आवडीनं शिकलेलं मूल माझ्या तरी पाहण्यात नाही. ते कुणीतरी मागे लागून शिकवावेच लागतात.

ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांना हे ठाऊक होतं. आपल्याच उत्तर कोकणात, बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात, म्हणून अंगणवाडी. मुलं गुरं घेऊन रानात जातात तर शाळाही रानात, म्हणून कुरणशाळा. साधनं काय, तर बिया, पानं, दगड, शिंपले. मुलांना भरपूर मोकळीक होती, पण त्या मोकळिकीमागे दोन बायकांचं अख्खं आयुष्य उभं होतं.

आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी कार्डांची आणि शिडीची पद्धत बसवली. मूल आपल्या पायरीचं कार्ड उचलतं आणि पुढे जातं. तमिळनाडूनं तीच उचलून आधी चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि मग राज्यभर नेली. आपल्या कमी पटाच्या शाळांना ती चपखल बसेल असं मला वाटतं. पण तिच्यातली बैठक बघा: एक गट पूर्णपणे शिक्षकाजवळ, एक थोड्या मदतीवर, एक सोबत्याच्या मदतीनं, आणि एकट्यानं काम करणारा गट त्यातला फक्त एक. शिक्षक दिवसभर एका गटातून दुसऱ्या गटात फिरतच असतो.

सुगाता मित्रांचं ‘भिंतीतलं भोक’ तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत वस्तीला लागून भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि मुलं आपापली शिकली. भाषणात सांगायला झकास. पण त्यांचाच तमिळनाडूतल्या कळिकुप्पम गावातला प्रयोग फारसं कुणी सांगत नाही. तिथे मुलं एकटी शिकून चाचणीत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आली. पुढे त्यांच्यासोबत एक मायेचं मोठं माणूस ठेवलं, विषय न येणारं, नुसतं कौतुक करणारं, तेव्हा ती ५० च्या आसपास गेली. नुसत्या कौतुकानं एवढं होत असेल तर विषय येणाऱ्या माणसानं किती होईल? २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा संशोधकांनी बऱ्याच अभ्यासांचा धांडोळा घेऊन सांगितलं की नवशिक्याला कमीत कमी मार्गदर्शनावर सोडून दिलं तर तो कमी शिकतो. मार्गदर्शन कमी करायचं ते त्याला विषय येऊ लागल्यावर.

आपल्याकडे २०१५ नंतर सरकारच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाची आणि ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच घडवतं या विचाराची, लाट आली. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. तिथल्या शिक्षकांनी खपून काम केलं होतं. परत आलेल्या कित्येकांनी फरशा रंगवल्या. ऑइलपेंटचे गोल, चौकटी, बाराखडी. मुलं त्यावर बसायची, गुरुजी फळ्यावरच शिकवायचे. दोन पावसाळ्यांत रंगही गेला.

आणि २०२०? ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू.’ मुलं रेंजसाठी सड्यावर, छत्री धरून. घरी मोबाईल एक आणि तो बाबांबरोबर बागेत. तेव्हा राज्यभर जे चाललं होतं ते सक्तीचं स्वयंअध्ययनच, आणि शाळा उघडल्यावर वाचायला विसरलेली पोरं आपण सगळ्यांनी बघितली.

आता कुणी म्हणेल, कोकण बोर्ड तर कायम पहिलं, २०२५ च्या दहावीला ९८.८२ टक्के, मग आपलं जुनंच काय वाईट? रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा मलाही अभिमान आहे. पण दहावीला ९० टक्के काढून मुंबईला गेलेली आपली मुलं पहिल्या वर्षी का गांगरतात, हे त्यांच्या आयांना विचारा. नोट्स कुणी देत नाही, काय वाचायचं सांगत नाही, प्रश्न विचारायची सवय नाही. ती सवय सातवी-आठवीपासून लागायला हवी. म्हणून आठवड्यातले काही तास मुलाच्या प्रश्नासाठी मोकळे असावेत असं मी म्हणतो, आणि पाढे, वाचन, हातचा यांना मात्र कसलीही सूट नको. पहिली-दुसरीत शिकवा, घोटून घ्या. वरच्या वर्गांत हात सैल सोडत जा.

बॅनरवाल्या शाळेत मी फोन केला होता. एका वर्गात मुलं किती आणि मूल अडलं तर बघतं कोण, एवढंच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "सर, आमच्याकडे प्रत्येकाला टॅब आहे." मुलाला तिथे घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण हेच दोन प्रश्न विचारा आणि एक दिवस वर्गात बसू द्या म्हणा.

सरकारी बाजूची भीती वेगळी आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयानं कमी पटाच्या शाळांतली पदं धोक्यात आली आहेत. ‘मुलं आपली आपण शिकतात’ हे वाक्य उद्या मंत्रालयातल्या कुणाला आवडलं, तर ते शिक्षक कमी करायलाच वापरलं जाईल, याची मला खात्री वाटते.

आमच्या समितीत मी एक ठराव मांडलाय. गावातली बारावी झालेली एखादी मुलगी शाळेची ऑनलाइन माहिती भरायला ठेवायची, मानधन गावानं वर्गणी काढून द्यायचं, म्हणजे बाई वर्गात राहतील. ठराव मंजूर झाला, एकानं नेहमीप्रमाणे ‘ह्यां सरकारचा काम’ म्हणून विरोध नोंदवला. शाळेची माहिती बाहेरच्या माणसानं भरलेली चालते का, हे विचारणारं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलंय. आंब्याच्या हंगामाआधी उत्तर आलं तर इथेच टाकतो. हंगाम सुरू झाल्यावर मला दोन महिने कुणी फोन करू नये.