तळ्याचे दोन फोटो

तुमच्या गावात तळं असेल तर आधी एक काम करा. बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाईल घ्या आणि वर्षातून दोनदा बांधावर जा. एकदा डिसेंबरात, सकाळी साडेसातला. दुसऱ्यांदा मे महिन्यात, भर दुपारी. तळ्याचं पुढं जे काही करायचंय त्याला हे दोन फोटो पुरतात.

डिसेंबरचा फोटो गिऱ्हाइकासाठी. काठोकाठ पाणी, वर धुकं, कमळाच्या पानांवरून तुरुतुरु चालणारा कमळपक्षी, पलीकडे अडई बदकांचा थवा. ब्रोशरवर अडईला ‘परदेशी पाहुणा’ म्हणा. ती बिचारी बारा महिने इथलीच असते, पण फ्लॅट घेणाऱ्याला आपल्यासारखंच कुणीतरी लांबून आलेलं बरं वाटतं. वर ‘लेक व्ह्यू’ हे शब्द हवेतच. लेक म्हणजे परक्याचं धन, हे आपल्या वाडवडिलांनी कधीच म्हणून ठेवलंय.

मे महिन्याचा फोटो कचेरीसाठी. तोवर वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताला पाणी देऊन झालेलं असतं, नुस्त्याची पावणी, म्हणजे मासळीचा लिलाव, उरकलेली असते आणि तळं तळाला गेलेलं असतं. भेगाळलेली जमीन, दोन म्हशी, एक फुटकी चप्पल. हा फोटो फायलीला लावा आणि भोळ्या चेहऱ्याने विचारा, ‘‘सायबा, तळं खंय आसा?’’ साहेब स्वतः मे महिन्यात पाहणीला आले तर सोन्याहून पिवळं. त्यांना शहाळं द्या. फक्त हे सांगू नका की तळं मुद्दाम रिकामं करतात: गाळ उन्हात तापावा, तो शेतात नेता यावा आणि पहिल्या पावसाला उतरायला जागा मिळावी म्हणून. भरणं आणि रिकामं होणं हेच तळ्याचं काम आहे, हे कळलेला अधिकारी फार धोक्याचा. अशांची बदली होते, पण वेळ लागतो.

आता किमतीचं बोलू. कुडचड्याचं नंदा तळं 2022 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच. क्षेत्र 42 हेक्टर. ती बातमी वाचून माझ्या ओळखीच्या एका दलालाने तिथल्या तिथे मोबाईलवर हिशेब केला, चार लाख वीस हजार चौरस मीटर, आणि घरचं माणूस गेल्यासारखा हळहळला. याला म्हणतात दृष्टी. मी मूर्खासारखा दुसराच हिशेब करत बसलो. तेवढ्या जागेत नुसतं एक मीटर पाणी साठलं असं धरा. ते होतं 42 कोटी लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे 42,000 टँकर. रांग डोळ्यांपुढे आणून मला घाम फुटला. तुम्ही असले हिशेब करू नका. पाण्याला बाजारभाव नसतो, म्हणजे नळ कोरडा पडेपर्यंत तरी नसतो.

कुणी विहिरींचा विषय काढेल. आमची आजी म्हणायची, तळं भरलं की बांय, म्हणजे विहीर, हसते. आजी शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे भूजल वगैरे शब्द न वापरता चुकीचं बोलायची. तुम्ही सांगा, गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, एवढ्या पावसात पाणी साठवायचं कशाला? तो बराचसा उतारावरून चार महिन्यांत अरबी समुद्रात जातो, ही गोष्ट वेगळी. समुद्रही आपलाच आहे.

तळं बुजवायला ट्रक लागतात हा नवशिक्यांचा गैरसमज. ट्रक शेवटी. आधी मानस मोडू द्यायची. पाणी सोडायच्या-अडवायच्या त्या दाराच्या फळ्या कधी काढायच्या, कधी बसवायच्या, फटीत माती किती चेपायची, हे गावात एखाद्याच म्हाताऱ्याला ठाऊक असतं. त्याला वर्षाला थोडं भात आणि पावणीच्या वेळी चार मासे मिळत असतील, ते बंद करा. भांडू नका, नुसतं ‘‘बघूया हां काका’’ म्हणा. तो दोन वर्षं फुकट करेल, कारण त्याला राहवत नाही. तिसऱ्या वर्षी गुडघे बोलतील. मुलगा वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला जातो, त्याला मानस म्हटलं की आधी मन आठवतं. मग फळी कुजते. पाणी नको तेव्हा राहतं, हवं तेव्हा पळतं. गाळ चढतो, वर साल्विनिया नावाच्या पाणतणाचा हिरवा गालिचा पसरतो आणि गावच म्हणायला लागतं, ‘‘कसलं तळं ते, डासांचं कोठार!’’ इथवर एक रुपयाही खर्च झालेला नाही, हे लक्षात घ्या. बिल्डरला आपण उगाच शिव्या देतो. तो बिचारा बऱ्याचदा तेराव्याला येतो.

कुडतरीला मात्र चुकूनही जाऊ नका. तिथं तळी एकमेकांना ओहोळांनी जोडलेली, खाली भाताची शेतं आणि आंगडी तळ्याच्या काठावर 1597 सालची इगर्ज, म्हणजे चर्च. आपल्याकडे देवळाला तळी, तिकडे इगर्जीला तळं. देव दोन्हीकडचा पाण्याशेजारीच राहायला गेला, कारण तेव्हा त्याला रेट माहीत नव्हता. करमळीचं तळं तर कोकण रेल्वेच्या खिडकीतून तिकीट काढलेल्या कुणालाही फुकट दिसतं. केवढा हा अपव्यय!

कागदांचं फार अवघड नाही. 2023 साली नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम आलं, आराखड्यात ‘नजरचुकीने’ पडलेले झोन दुरुस्त करायला. तेव्हा कुठं आपल्याला कळलं की आजोबा-पणजोबा जिथं भात लावत होते ती शेतं नव्हतीच, नजरचूक होती. 2025 साली उच्च न्यायालयाने त्या कलमाचे नियम रद्द केले म्हणून हातपाय गाळू नका, झोन बदलून देणारं 39अ कलम त्याआधीच आलेलं होतं. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत तळ्याभोवतीच्या ‘प्रभावक्षेत्रा’ची भानगड आहे. मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा ठणकावून लिहा, की गावात प्रभाव आमदाराचा असतो, तळ्याचा कसला?

मातीचे ट्रक चवथीच्या सुट्टीत आणा. कचेऱ्या बंद, पंच आरतीत, भरारी पथकही कुणाचा तरी मामा-भाचा असल्याने मोदकावर. गणपतीवर टांगायच्या माटोळीला लागणारी कमळं पहाटे त्याच तळ्यातून काढून घ्या, दीड दिवसाचा गणपती त्याच तळ्यात सोडा आणि परत येताना पहिल्या ट्रकला वाट करून द्या. भावनिक समतोल साधला जातो. ग्रामसभेत कुणी ओरडला तर त्याला विकासविरोधी म्हणा. तो थांबला नाही तर त्याच्या घराच्या कागदांची चौकशी करा. गोव्यात कुणाच्याच घराचे कागद पूर्ण नसतात.

2 फेब्रुवारी विसरू नका. जागतिक पाणथळ दिन असतो. उरलेल्या काठावर मांडव घाला, शाळेच्या मुलांना टोप्या द्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या वाटा. मुलांना पक्षी दिसले नाहीत तर बॅनरवरचे दाखवा. रंग जास्त उठावदार असतात.

मग एक दिवस इमारत उभी राहते आणि डिसेंबरचा फोटो पाहून आलेली माणसं राहायला येतात. पहिल्या पावसाळ्यात ती बेडकांची तक्रार करतात. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी पार्किंगमध्ये येतं, कारण शेकडो वर्षं ते तिथंच येत होतं आणि त्याला ब्रोशर कुणी पाठवलेलं नाही. पहिल्या सरींना चढणीचे मासे वळणं घेत गेटपाशी येतात. वॉचमन खूश असतो, तो ओडिशाचा आहे, त्याला मासे कळतात. एप्रिलमध्ये बोअरवेल धापा टाकायला लागते आणि वाड्यावरच्या विहिरींत घागर तळाला खडखडते. आमच्या विहिरीत गेल्या वर्षी पहिल्यांदा खडखडली. आजी नाही ते एका परीने बरं झालं.

पण घाबरायचं कारण नाही. टँकर येतो. फोन केला की दुपारपर्यंत दारात. कुठून भरून आणतोस, असं मी ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, ‘‘पलतडच्या गावांतल्यान, दादा. थंय बांयो भरिल्ल्यो आसात, तळें आसा न्हय अजून.’’

तिथं सध्या चौरस मीटरला काय भाव चाललाय, तेवढं विचारून ठेवा.