सत्ता बाहुलीची

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन महिने झाले आणि मी दुपारी बाराला साक्षर, रात्री आठला अंगठेबहाद्दर होऊन बसलो आहे.

गॅलरीत उन्हात बसलो की पेपरातल्या छोट्या जाहिराती, 'वधू पाहिजे', 'नावात बदल', सगळं बिनचष्म्याचं वाचतो. तोच पेपर आत जेवणाच्या टेबलावर आणला की अक्षरांच्या मुंग्या होतात. मला वाटलं, डोळ्यात घातलेलं नवं भिंग ढिलं बसलं. डॉक्टर हसले. "काका, भिंग जागेवर आहे. पण ते लांबचं, एकाच फोकसचं. जुन्या भिंगासारखं फुगत-आकसत नाही. उन्हात तुमची बाहुली दोन-अडीच मिलिमीटरची होते, बारीक भोकातून बघितल्यासारखं जवळचंही चालून जातं. अंधारात ती पसरली की संपलं." वर, "वयानं बाहुल्या लहानच होत जातात, तेवढा तुमचा फायदा," अशी ज्येष्ठ नागरिक सवलतही जाहीर केली.

म्हणजे पैसे भिंगाचे आणि सत्ता बाहुलीची! आणि मी भिंगाचा केवढा तोरा मिरवत होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या खिडकीच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे, तुकडे डोळा निमूट सोसतो, हे पाहून डोळ्यांचे ब्रिटिश सर्जन हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिलं भिंग बसवलं. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, 'माझ्या डोळ्यात विमानाची खिडकी आहे' असं मी सोसायटीभर सांगत होतो. (माझं भिंग घडी घालून आत सरकवलेलं, पर्स्पेक्सच्या चुलत घराण्यातलं. पण एवढं खोलात कोण शिरतं?)

परवा लग्नाच्या वाढदिवसाला मुलानं 'अँबियन्स'वाल्या हॉटेलात नेलं. अँबियन्स म्हणजे टेबलावर एक मेणबत्ती, बाकी लोडशेडिंग. माझ्या बाहुल्या ऐसपैस पसरल्या. मेनूकार्ड हात पुरेल तितकं लांब धरलं.

"अहो, चष्मा आणलाय ना?"

"मला लागत नाही."

चष्मा सुटला म्हणून पेढे वाटलेला माणूस दुसरं काय बोलणार? मग सुनेनं मोबाइलचा टॉर्च कार्डावर मारला आणि मी एक डोळा मिटून, दुसऱ्यापुढे मूठ वळून, मोहरीएवढ्या फटीतून वाचू लागलो. युक्ती अस्सल आहे. बाहुली ऐकत नसेल तर मुठीची बाहुली करायची. 'पनीर' लागलं. त्यापुढचं लागेपर्यंत वेटर टेबलाखाली वाकून बघत होता.

"सर, काही पडलंय का?"

"नाही," ही म्हणाली, "ते मेनू वाचतायत."

शेवटी मुलानं मागवलं ते खाल्लं. बिल आलं ते काळ्या फोल्डरमध्ये, माझ्यापुढेच. बेसिनपाशी एक लख्ख ट्यूबलाइट होती. हात धुवायचं निमित्त करून फोल्डर घेऊन तिथे गेलो. बाहुली आकसली. एकूण एक शून्य स्पष्ट दिसलं, सर्व्हिस चार्जसकट.

परत येऊन फोल्डर मुलापुढे ठेवलं. "काही दिसत नाही रे इथे. तूच बघ."