"दादा, उडवा की जरा!"

भिगवणला हिवाळ्यातला रविवार म्हणजे डोक्याला ताप. उजनी धरणाच्या पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून निवांत चरतायत, तेवढ्यात शेजारच्या नावेतून आरोळी: "दादा, उडवा की जरा!" का? तर पंखांतला गुलाबी रंग फोटोत यायला हवा! अहो, तो इथे पोट भरायला आलाय, तुमच्या रीलमध्ये नाचायला नाही. नावाडी बिचारा काय करणार? नाही म्हटलं तर पुढचं गिऱ्हाईक गेलं.

मग कुरव पक्ष्यांना शेव-गाठिया. मासे खाणाऱ्या पाखरांना फरसाण! सोबत कटिंगही पाजा ना! डोक्यावर ड्रोन, नावेत ब्लूटूथ स्पीकर, आणि साखरझोपेतून उठवून आणलेली पोरं "बगळा! बगळा!" म्हणून किंचाळतायत. रोहितला.

पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो हो. हिमालय! तिथल्या वाऱ्याला तो पुरून उरतो, आणि इथे ६०० एमएमच्या लेन्सवाल्यांसमोर त्याला धड पाच मिनिटं डुलकी काढता येत नाही. एवढी लांबलचक लेन्स घेतलीत, तरी नाव पक्ष्याच्या चोचीलाच लावायची? आणि घरी जाऊन हेच लोक फोटोखाली काय लिहिणार? 'निसर्गाच्या सान्निध्यात'. कप्पाळ!