हजार पौर्णिमा आणि एक शिफ्ट-डिलीट

दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं माळा घेतला आणि मला कॉम्प्युटर दिला. वाटणी रास्तच होती. मागच्या वर्षी माळ्यावरून मी खाली आलो होतो, पण शिडीनं नव्हे.

डी ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर'ची तीन भावंडं नांदत होती. पहिली दोन उघडली, तर विजेची जुनी बिलं. तिसऱ्यातही तीच असणार, असं धरून शिफ्ट दाबून डिलीट केलं. म्हणजे रीसायकल बिनचा थांबासुद्धा न घेता थेट वैकुंठ. 'कायमचं डिलीट करायचं ना?' असं कॉम्प्युटरनं विचारलंही. पण बँकेच्या फॉर्मवर 'वाचून समजले'पुढे मी ज्या तत्परतेनं सही करतो, त्याच तत्परतेनं होकार दिला.

संध्याकाळी माळ्यावरून आवाज आला, "अहो, बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो कुठं ठेवलेत? ताईला पाठवायचेत."

हजार पौर्णिमा पाहायला माणसाला जवळजवळ ८१ वर्षं लागतात. त्या सोहळ्याचे ४१२ फोटो घालवायला मला एक सेकंद पुरला होता. "शोधतो," म्हणालो. आणि हे खोटं नव्हतं.

भाच्याला फोन लावला.

"मामा, आधी एक सांग, डिलीट केल्यावर कॉम्प्युटरवर काही डाउनलोड केलंस का?"

"फाइली परत आणायची तीन सॉफ्टवेअर."

"कुठं?"

"डी ड्राइव्हवर."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मग त्यानं समजावलं. डिलीट केल्यानं फाइल लगेच जात नाही. चाळीच्या बोर्डावरचं नाव तेवढं खोडलं जातं, भाडेकरू खोलीतच असतो. पण खोली रिकामी आहे असं समजून कॉम्प्युटर तिथं नवं बिऱ्हाड आणून ठेवतो. मी एकामागून एक तीन बिऱ्हाडं पाठवली होती. "तरी तुझी जुनी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क आहे म्हणून आशा आहे," तो म्हणाला. "एसएसडी, म्हणजे चकती नसलेली नवी डिस्क असती, तर ट्रिम नावाचा प्रकार असतो. नाव खोडलं की थोड्याच वेळात खोली धुऊनपुसून मोकळी." त्या डिस्कच्या घरघरीवर मी इतकी वर्षं चिडत आलो होतो. त्या रात्री ती मला सासऱ्यांच्या घोरण्याइतकी आश्वासक वाटली.

भाच्यानं फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर वापरायला सांगितलं. क्रिस्टोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेलं, फुकट. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बटण एकही नाही. ते फाइलींची नावं बघतच नाही, सरळ डिस्क चाचपत जातं. जेपीईजी फोटोच्या सुरुवातीला एफएफ डी८ अशी ठरलेली खूण असते. बाशिंग दिसलं की नवरदेव, तसं हे खूण दिसली की फोटो उचलतं. सापडलेला माल मात्र दुसऱ्याच डिस्कवर ठेवायचा. ती शेजारून मागून आणली, 'ऑफिसचं काम आहे' असं सांगून. मग घरात कुणी अत्यवस्थ असल्यासारखा रात्रभर मशीनच्या उशाशी बसलो.

सकाळी ३१ हजार फाइली हाती लागल्या. मूळ नावं गेलेली. प्रत्येकीला एफ आणि पुढे आकड्यांची माळ. त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रं, गीझरचं वॉरंटी कार्ड, आणि मी वेळोवेळी लिहून पुसून टाकलेले नोकरीचे सात राजीनामे. चौथ्यातलं मराठी खरोखर चांगलं होतं.

बायको मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"हे कधी दिलेत?"

"दिले नाहीत."

"मग डिलीट कशाला केलेत?"

यावर मी फोटोंकडे वळलो. तीन दिवस चाळण लावली, तेव्हा ३९१ मिळाले. एकवीस माझ्या बिऱ्हाडांखाली गेले ते गेलेच. आणि औक्षणाचा मुख्य फोटो अर्धाच आला. वर सासऱ्यांची पगडी, हसरा चेहरा, उपरणं, आणि त्याखाली सपाट करडा पट्टा. त्या पट्ट्यात सासूबाईंच्या हातातलं ताटही गेलं होतं.

भाऊबीजेला सगळं सासऱ्यांसमोर ठेवलं आणि मान खाली घालून बसलो. त्यांनी चष्मा वर करून तो अर्धा फोटो लांब धरला, मग जवळ घेतला.

"जावईबापू, पोट बरोबर झाकलंत," ते म्हणाले. "हाच मोठा करून आणा."